देवाच्या पाहुण्यांची बरणी

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो. लोणच्याची नव्हे, मुरंब्याची नव्हे. मी द्राक्षारसाची बरणी. अमेरिकेतल्या ओहायोच्या टेकड्यांमधल्या करड्या चिकणमातीतून एका कुंभाराने मला चाकावर उभी केली, भट्टीत ठेवली, आणि भट्टी लालबुंद झाली तेव्हा वरून मुठी-मुठीने मीठ फेकलं. त्या मिठाची झिलई माझ्या अंगावर बसली, संत्र्याच्या सालीसारखी किंचित खरबरीत. पोटावर त्याने निळ्या रंगाने पाचाचा आकडा काढला. पाच गॅलन. एखाद्या धडधाकट बाईने कवेत घ्यावी एवढी मी.

लोविना नवी नवरी होऊन राबरांच्या घरी आली तेव्हा घोडागाडीत मी तिच्या पायांशी होते. वाटेत ओढ्यातला दगड चाकाखाली आला, गाडी उसळली, आणि माझ्या तळाला आतल्या अंगाने केसाएवढी चीर गेली. बाहेरून दिसेना, पाणीही गळेना. लोविनाने आत हात घालून चिरेवरून बोट फिरवलं.

"असू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढ्याने काही सांडत नाही."

आमची माणसं आमिश, जुन्या वळणाची ख्रिस्ती. घरात वीज घेत नाहीत, दारात मोटार ठेवत नाहीत, आणि बाहेरच्या सगळ्या जगाला, मग ते कुठलं का असेना, 'इंग्रज' म्हणतात. त्यांच्यात अहो-जाहोची रीत नाही. सून सासूला तू म्हणते आणि शेंबडं पोरही बिशपला तू म्हणतं. प्रार्थनेसाठी वेगळी इमारत नाही. एक रविवार आड मंडळी कुणाच्या तरी घरी बाकं मांडून बसते. आणि वर्षातून दोनदा, एकदा वसंतात आणि एकदा पानगळीत, प्रभुभोजन असतं. एक भाकर, एक पेला. तो एकच पेला साऱ्या ओठांवरून फिरतो.

त्या पेल्यातला रस मंडळीच्या सेवकाच्या, म्हणजे बिशपच्या मदतनिसाच्या, घरून यायचा आणि त्या घरच्या बाईने तो करायचा, ही रीत. लोविनाचा नवरा मालन सेवक होता. म्हणून रस लोविनाचा. म्हणजे माझा!

दक्षिणेच्या भिंतीला लोविनाने माहेरच्या वेलीची काडी लावली होती. सप्टेंबरात तिला काळीभोर द्राक्षं लागत. ओसरीत बसून घड निवडायचे, देठ काढायचे, मण्यांवरची पांढरी भुकटी धुवायची नाही, कारण तिच्यानेच रस फसफसतो. मणी चुरडून माझ्यात भरायचे, तोंडाला स्वच्छ फडकं बांधायचं. मग कितीतरी दिवस माझ्या पोटात बारीक गुणगुण चालायची. नाताळाच्या सुमारास रस गाळून बाटल्यांत भरायचा. म्हातारा बिशप वसंतात पेला ओठाला लावून झाला की घरी जाताना म्हणायचा, "लोविना, माझ्या दोन तासांच्या उपदेशाने जे होत नाही ते तुझ्या एका घोटाने होतं." लोविना मान खाली घालायची. घरी येऊन मला पुसताना मात्र तिचा हात जरा जास्त रेंगाळायचा.

आता पाहुण्यांचं सांगते.

वेलीवर मावा पडायचा, पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आणि तो मावा खायला ढालकिडे यायचे. मसुराच्या दाण्याएवढे, लालचुटूक, पाठीवर काळे ठिपके. असायचे मोजके. बाहेर गार पडू लागलं की त्यातले दोन-चार खिडकीच्या चौकटीत शिरत, हिवाळाभर निजत, आणि एप्रिलचं ऊन काचेवर आलं की हळूच बाहेर येत. लोविना त्यांना बोटावर घेऊन वेलीवर सोडून यायची. या घरात त्यांना किडे म्हणायची सोय नव्हती. ते 'देवाचे पाहुणे'. त्यांना झाडायचं नाही, चिरडायचं नाही. पोरांना मांडीवर घेऊन ती म्हणायची,

पाहुणा गं आला, तांबडा त्याचा शेला
ठिपके मोजू मोजू, दिवस सुखाचा गेला

तिचा मुलगा ईनस याच ओळींवर मोजायला शिकला. पुढे ईनसची बायको ओर्फा घरात आली. पहिल्याच हिवाळ्यात तिने केराबरोबर एक पाहुणा लोटला तेव्हा लोविना हातातलं पीठ टाकून धावली. "अगं अगं, पाहुणा आहे तो! दार दाखवतेस काय त्याला?" ओर्फा आधी घाबरली, मग हसत सुटली. तिची आई लहानपणीच गेली होती. कुणी हक्काने ओरडावं याचीही तिला भूक होती. त्या दिवसापासून ती लोविनाला आई म्हणू लागली.

मालन वारला. नवा सेवक निवडायला आमच्यात चिठ्ठी असते. गीतांची पुस्तकं मांडतात, एकात चिठ्ठी दडवतात, आणि निवडलेल्या माणसांनी एकेक पुस्तक उचलायचं. चिठ्ठी ईनसच्या पुस्तकात निघाली. शेजारच्या टोबायसने त्याच्याच बाजूचं पुस्तक उचललं होतं. टोबायसची बायको सेडी ते बोटभर अंतर कधी विसरली नाही.

मी ओर्फाची झाले. लोविनाचे डोळे तोवर काचबिंदूने गेले होते. पण सप्टेंबर आला की ती ओसरीत आपल्या जागी बसायची आणि बोटांनी चाचपून देठ काढायची. "डोळे नसले म्हणून काय झालं," म्हणायची, "द्राक्षांना थोडंच कळतं?"

त्याच वर्षांत टेकडीपलीकडल्या इंग्रजांच्या शेतांत मका मागे पडून सोयाबीन वाढलं होतं. सोयाबीनवर मावा आला. आणि माव्यावर नवेच ढालकिडे आले. कुणी म्हणे पूर्वेकडच्या देशांतून मुद्दाम आणून सोडले, कुणी म्हणे जहाजांतून आपोआप आले. मी बरणी; मला एवढंच ठाऊक, की एका ऑक्टोबरात पहिलं हिव पडून गेलं, पाठोपाठ एक उबदार दुपार उगवली, पलीकडे सोयाबीन कापून रानं मोकळी झाली, आणि आमची पांढरी भिंत हलू लागली.

स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून मला दिसत होतं, ओर्फा दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. हजारो होते. केशरी, पिवळट, काही लाल. कुणाच्या पाठीवर एकोणीस ठिपके, कुणाच्या पाठीवर एकही नाही. आणि मानेच्या पांढऱ्या पट्टीवर इंग्रजी एम अक्षरासारखी काळी खूण. आमच्या पाहुण्यांच्या मानेवर ती कधीच नव्हती.

"काय गं, गप्प का झालीस?" ओसरीतून लोविनाने विचारलं.

"आई... पाहुणे आलेत."

"ऑक्टोबरात? किती?"

"खूप."

लोविनाने तळहात पुढे केला. चार-पाच जण त्यावर उतरले. डोळे गेल्यापासून त्या चेहऱ्यावर इतका उजेड मी पाहिला नव्हता. "आले गं आले! म्हातारीची आठवण ठेवून आले!" ओर्फाने तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. खोटं असं काही ती बोलली नाही. फक्त खरं तेवढं सांगितलं नाही.

संध्याकाळी लोविना चाचपडत स्वयंपाकघरात आली आणि माझ्या कडेवर हात टेकून उभी राहिली. घरात कुणी नव्हतं. तिच्या मनगटावर अजून एक किडा होता. तो तिला चावला. तिने हात झटकला नाही.

"चावतोस होय?" ती हळू म्हणाली. "आमचे कधी चावले नाहीत. अंगाला वासही कसला घाणेरडा! तू आमच्यातला नव्हेस बाबा." मग माझ्या कडेवर टिचकी मारून म्हणाली, "पण ओर्फाला सांगायचं नाही हं. किती आनंदाने सांगत होती, पाहुणे आले म्हणून. माझ्यामुळे तिला त्यांचा लळा लागला. राहू दे तिला तो."

त्या दिवशी मला दोघींचं गुपित कळलं. सासूच्या आनंदासाठी सून गप्प, सुनेच्या आनंदासाठी सासू गप्प. मी दोघींच्या मध्ये उभी होते.

नव्या पाहुण्यांनी घर भरलं. चौकटीत, छताच्या फटींत, घड्याळाच्या मागे, गादीच्या शिवणीत. जानेवारीत चूल पेटली की उबेने जागे होत आणि पटापट खाली पडत. दाबले गेले की पिवळं पाणी सोडत. ओर्फाच्या पांढऱ्या टोप्यांवर त्याचे डाग पडले, ते साबणाने निघेनात. फेब्रुवारीत सारे काचेवर गोळा होऊन बाहेर जायला धडपडत. मे महिन्यात सगळे शेतात गेले की घर पुन्हा आपलं होई. आणि ऑक्टोबर आला की परत तीच भिंत, तोच लोट. ज्या वर्षी मावा जास्त त्या वर्षी हे जास्त, एखाद्या वर्षी जरा कमी. आमचे जुने लाल मात्र त्या वर्षांत कधी नाहीसे झाले, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लोविनाचा दुपारी डोळा लागला की ओर्फा झाडू-सुपली घेऊन घरभर फिरायची. एकदा सेडीने तिला त्या अवस्थेत पकडलं.

"चोर आहेस की काय? पाय न वाजवता झाडतेस ती?"

"आई झोपलीय."

"आईचं नाव कशाला! इंग्रजांकडे विजेचं यंत्र आहे, भुस्स करून ओढून घेतं. आम्हा गरिबांकडे झाडू आहे. आणि तुझ्याकडे काय, तर पाहुणचार!"

ओर्फा हसली. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं तोवर.

मग तो सप्टेंबर आला. रानातलं सोयाबीन पिवळं पडायला लागलं तसे किडे गोडाच्या वासाने वेलीवर उतरले आणि घडांत शिरून बसले, मण्यामण्यांच्या मध्ये, जिथे माणसाची नजर जात नाही. ओर्फाने दिसले तेवढे झटकले. लोविनाने बोटांनी देठ काढले, आणि हाताला लागेल त्याला हळूच म्हणत राहिली, "जा बाबा, जा. इथे तुझं काम नाही." जे गेले नाहीत ते द्राक्षांबरोबर चुरडले गेले आणि माझ्यात आले.

रस फसफसला. पण नेहमीची गुणगुण नव्हती ती.

पुढच्या वसंतातलं प्रभुभोजन दुसऱ्या कुणाच्या घरी होतं. मी काही पाहिलं नाही. पण संध्याकाळी ओर्फा परतली ती थेट माझ्याकडे आली आणि डोकं आत घालून तिने हुंगलं. मागोमाग सेडी, रिकामी टोपली द्यायला.

"एक विचारू? रागावू नकोस," सेडी म्हणाली. "रसात शेंगदाणे घातले होतेस का? खवट झालेले?"

"सेडी!"

"नाही, कुणी म्हणालं ढोबळी मिरची. मी म्हटलं, छे, शेंगदाणेच. बिशपने घोट घेतला आणि असा काही थांबला, मला वाटलं आता पुढचं वचन विसरतोय. शेवटच्या बाकावरचा म्हातारा तर खोकत बाहेरच गेला. पण बोललं कुणी नाही हं. आपली मंडळी चांगली आहे."

"आई काय म्हणाली?"

"ती? ती तोंड पुसून म्हणाली, छान."

सेडी गेल्यावर ओर्फाने उरल्या बाटल्या वेलीच्या मुळाशी ओतल्या. ओतताना गाळात तिला ते दिसले, बारीक पंख, दोन, चार, पंचवीस. ती तिथेच मातीत बसून राहिली.

त्याच उन्हाळ्यात लोविना चालताना धापा टाकू लागली. डॉक्टरने सांगितलं, हृदय थकलंय. पुढचा वसंत कदाचित बघेल, कदाचित नाही. तिने ते शांतपणे ऐकलं. मग चुलीजवळ बसून म्हणाली,

"ओर्फा, मला आता मोठं असं काही नको. पुढच्या वसंतात एक घोट. आपल्या वेलीचा, या बरणीतला. मागच्या खेपेला मला पडसं होतं, चव लागली नाही. तेवढा एक नीट घोट घेते, मग मी मोकळी."

पडसं बिडसं काही नव्हतं तिला. मला ठाऊक होतं.

"करीन आई," ओर्फा म्हणाली. "असा करीन की नाव काढशील."

पानगळीचं प्रभुभोजन त्यांनी किडे रसात शिरायच्या आधीच्या सालच्या दोन जुन्या बाटल्यांवर भागवलं. खरी चिंता नव्या रसाची होती. द्राक्षं पिकली आणि किडे पुन्हा घडाघडांत बसले. ओर्फाला आता कळत होतं काय करायचं. घड कोमट साबणाच्या पाण्यात बुडवायचे. किडे वर येतात, बुडून मरतात, घड स्वच्छ निघतात. सेडी तेच करायची; वरची भुकटी थोडी जाते, पण रस फसफसतो, म्हणायची. पण ओसरीत वेलीच्या पुढ्यात लोविना बसलेली. पाहुण्यांना बुडवून काढलेला रस तिला चालेल? ज्या बाईने एका किड्यासाठी हातातलं पीठ टाकलं होतं तिला?

विचारायला हवं होतं. दोन पावलांवर तर होती ती! ओर्फाने विचारलं नाही.

मागच्या मोरीत पत्र्याचं घंगाळ होतं. पण त्यात पाणी ओतलं की ते खणखणतं, आणि आंधळ्या माणसाचे कान तिखट असतात. मी मातीची. माझा आवाज होत नाही. म्हणून ओर्फाने मला मोरीत नेलं, माझ्यात साबणाचं पाणी भरलं, आणि एकेक घड त्यात बुडवला.

मित्रांनो, ती दुपार मी विसरले नाही. ते शेकड्यांनी वर आले, पाय हलवत. मरताना त्यांनी आपलं ते पिवळं पाणी सोडलं. पाणी उपसलं की नवं भरायचं, पुन्हा तेच. आणि माझ्या तळाशी ती केसाएवढी चीर होती. पन्नास वर्षं तिने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. त्या दुपारी ती थेंब थेंब पीत राहिली.

ओर्फाने ओले घड फडक्याने टिपून लोविनाच्या पुढ्यात ठेवले.

"ओले कसे गं हे?"

"दंव आहे आई."

"दुपारचं?" लोविनाने बोटं नाकाशी नेली. साबणाचा वास येत होता. ती म्हणाली, "असेल. हल्ली दंव उशिरापर्यंत टिकतं."

ओर्फाने मला राखेने घासलं, सोड्याने घासलं, चार दिवस उन्हात पालथं घातलं. पाच गॅलनची दुसरी बरणी घरात नव्हती, आणि असती तरी लोविनाने याच बरणीतला घोट मागितला होता. मग तिने माझ्यात तो स्वच्छ, निर्मळ, एकही किडा नसलेला रस भरला. मी आतून ओरडत होते, नको, माझ्यात नको. फडकं बांधलं गेलं.

हिवाळ्यात लोविनाचा पलंग चुलीजवळ आणला. उबेने जागे झालेले किडे तिच्या गोधडीवर पडायचे. ओर्फा ते हलक्या हाताने उचलायची. लोविना न दिसणाऱ्या डोळ्यांनी छताकडे बघत म्हणायची, "पाहुणे बरे आहेत ना गं?" आणि ओर्फा म्हणायची, "बरे आहेत आई." एकीला वाटे दुसरी खूश आहे. दुसरीलाही तेच वाटे. मी कोपऱ्यातून बघत राही.

एप्रिल आला. प्रभुभोजनाच्या आदल्या शुक्रवारी सेडी भाकरीच्या मदतीला आली होती. लोविना गाढ झोपली होती. ओर्फाने बाटली उघडली, चमचाभर रस जिभेवर घेतला आणि खुर्चीवर बसली. सेडीने चमचा उचलला.

"अगं बाई. मागच्या सालचाच धाकटा भाऊ हा."

"एकही किडा नव्हता सेडी. एकही नाही. मी मणी न् मणी बघितलाय."

सेडीने काहीतरी लागट बोलायला तोंड उघडलं होतं. ओर्फाचा चेहरा बघून तिने चमचा धुऊन ठेवला. "माझ्याकडे आहे रस. उद्या टोबायसकडून पाठवते. मंडळीला सांग मात्र, आमच्या घरचा आहे म्हणून. नाही, मिरवायला नव्हे. उगाच लपवाछपवी नको."

"मंडळीला सांगेन. ईनस आणि बिशपलाही सांगेन. आईला नाही."

"ओर्फा."

"तिला आपल्या वेलीचा हवाय. तिला शेवटचा..."

"पेल्यापाशी खोटं? आंधळ्या माणसाशी?"

"मला ठाऊक आहे काय करतेय ते," ओर्फा म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं.

जो मंडळीत येऊ शकत नाही त्याच्याकडे पेला घरी येतो. रविवारी दुपारी बिशप आणि ईनस काळ्या कोटात आले. लोविनाला उशांवर टेकून बसवलं होतं. डोक्याला इस्त्रीची टोपी. बिशपने भाकर मोडून दिली, प्रार्थना केली. ईनसने पेला ओठाला लावला. लोविनाने घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"आपल्याच वेलीचा," ओर्फा म्हणाली. ईनसने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बिशपने पाहिलं नाही.

लोविनाने घोट गिळला. "नाव काढलंस पोरी," म्हणाली, आणि हात पुढे केला. ओर्फाने तो हात गालाला लावला. ती रडली. बिचारीला वाटलं, एवढं एक तरी साधलं.

ईनस आणि ओर्फा बिशपला बाहेर पोचवायला गेले. खोलीत लोविना आणि मी. तिने मान माझ्या कोपऱ्याकडे वळवली. मी कुठे उभी आहे ते तिला पन्नास वर्षं ठाऊक होतं.

"सेडीच्या वेलीचा आहे," ती म्हणाली. "ती द्राक्षांची सालं रसात फार दिवस ठेवते, जीभ चरचरते. चांगला आहे पण." जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "किती धडपडली गं माझ्यासाठी. त्या मेल्या किड्यांपायी केवढी दमली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. आता सांगितलं तर तिचं एवढंही जाईल." मग डोळे मिटून ती ओठांवरून जीभ फिरवत राहिली, जणू दुसरीच कुठली चव शोधत होती.

मे महिन्यात, घरातले किडे शेतांत निघून गेल्यावर, लोविना गेली. आपल्या वेलीचा तो घोट तिला मिळाला नाही.

माझ्यात त्यानंतर रस भरला गेला नाही. ओर्फाने एकदा माझ्यात उकळतं पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी हुंगलं, आणि वासाचं मूळ तिला कळलं. तिने मला फोडलं नाही. ऑक्टोबर आला तसं माझ्यात साबणाचं पाणी घालून खिडकीखाली ठेवलं. झाडलेले किडे आता माझ्यात पडतात. ज्या पोटात प्रभूचा पेला वाढला त्या पोटात रोज संध्याकाळी मेलेल्यांचा थर असतो. तक्रार नाही माझी. कुणीतरी ते काम करायलाच हवं.

प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी आमच्यात सलोख्याची सभा असते. प्रत्येकाला विचारतात, तुझा सगळ्यांशी सलोखा आहे ना? कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल तर आधी ते मिटवायचं, मग पेला. त्या ऑक्टोबरात सभेची पाळी आमच्या घरची होती. बाहेर ऊन पडलं होतं, भिंत केशरी झाली होती, आणि बाकांवर बसलेल्या बायकांच्या पांढऱ्या टोप्यांवर किडे टपटप पडत होते. ईनस सेवक म्हणून बायकांच्या रांगेतून विचारत चालला होता. "आहे," म्हणत होत्या सगळ्या. सेडीसुद्धा म्हणाली, "आहे."

तो आपल्या बायकोपुढे आला. "ओर्फा, तुझा सलोखा आहे?"

"मंडळीशी आहे. एकीशी राहिलाय."

"कुणाशी?"

"तुझ्या आईशी."

ओर्फाने उभं राहून सांगितलं, सगळं. भिंतीवरचे किडे कोणते होते ते, मोरीतलं पाणी, दुपारचं दंव, आणि पेल्यापाशी बोललेली दोन शब्दांची गोष्ट. "तिला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं म्हणून मी लपवलं. आणि लपवलं म्हणूनच तिला शेवटचा घोट तिचा मिळाला नाही."

बिशप म्हणाला, "लोविना असती तर तिने तुला केव्हाच माफ केलं असतं, पोरी."

"असती तर मी बोललेच नसते," ओर्फा म्हणाली. "आणि ते तू नको सांगूस, बिशप. ते तिने सांगायला हवं. यंदा मी पेला घेणार नाही."

ती खाली बसली. सेडीने हात लांब करून तिच्या टोपीवरचा किडा उचलला आणि तिचा हात धरून ठेवला. प्रभुभोजन झालं. पेला ओर्फाच्या समोरून पुढे गेला. पुढच्या वसंतातही गेला. माणसं म्हणतात, होईल हळूहळू.

मित्रांनो, घराच्या भेगा सप्टेंबर संपायच्या आत बुजवून घ्या. दारात कोण आलं आहे ते नीट बघा. सगळेच लाल ठिपकेवाले सारखे नसतात. जुन्या भांड्यात काय ठेवता ते विचार करून ठेवा, ती आतून पितात आणि विसरत नाहीत. पण त्याहून एक गोष्ट मोठी. आपल्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून त्याच्यापासून काही लपवत असाल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. कदाचित त्याला सगळं ठाऊक असेल. कदाचित तोही तुमच्यासाठीच गप्प असेल.

ओर्फा रोज संध्याकाळी मला रिकामं करते, धुते, आणि कडेवर हात ठेवून जरा वेळ उभी राहते. मला तेव्हा तिला सांगायचं असतं, की लोविनाला ठाऊक होतं गं, सगळं ठाऊक होतं, आणि तिने तुला केव्हाच माफ केलं होतं. धरून उचलायला मला दोन कान आहेत आणि हे एवढं मोठं तोंड आहे. जीभ नाही.

तुम्हाला आहे.